पेवाचं तोंड

(भर दुपार. गावाबाहेर खुशालरावांचा पांढऱ्या मातीचा उंचवटा. अकरा घरांची ज्वारी पोटात घेऊन पाच वर्षं बंद असलेलं जमिनीखालचं पेव आज उघडलं आहे. तोंडाशी तिघं : कैलासवासी खुशालरावांचा मुलगा सूर्यभान, त्याची बायको जमुना, आणि गावाची पेवं उघडणारे म्हातारे नत्थुजी.)

नत्थुजी : अन् वाकून नोको पाहू, सूनबाई. मांगं सर. पेवाच्या तोंडावर आपलं तोंड नेऊ नाई.

जमुना : सरली, काकाजी. पन हा वास कशाचा म्हनावा? आंबील नासल्यावानी येऊन राह्यला.

नत्थुजी : तोच इचार करून राह्यलो मी. पेव उघडलं का कोंदट येते, भुशाचा वास येते, मानसाचं नाक मुरडते. पन आंबट नाई येत. आंबट काहून यावं?

सूर्यभान : पाच सालाचं बंद हाय ते. वास तं येईनच. दिवा सोडा अन् मोकळे व्हा, काकाजी.

नत्थुजी : मोकळे व्हा म्हनते. माहा बाप या कामातून मोकळा नाई झाला, अन् मी होईन? दिवा सोडतो. तू मांगंच राय. सूनबाई, आज पदराची फिकीर नोको करू, सुतळी धर. हात-हात ढिली सोडत जाय.

जमुना : एक हात झाला. दोन. तीन.

नत्थुजी : हळू सोड.

जमुना : चार. काकाजी, गेला.

नत्थुजी : काय गेला?

जमुना : दिवा. फडफडला बी नाई. कोनी चिमटीत धरावा तसा गेला.

सूर्यभान : वारा असन.

नत्थुजी : पेवात वारा कुठचा, बाबू? वारा असता तं रडनं कायचं होतं. जवारी हाय तोंडापासून आठ हात खाली. दिवा गेला चार हातावर. मधल्या चार हातात जे भरून हाय ना, त्यात मानूस उतरला तं दिव्यावानीच जाईन.

सूर्यभान : मंग घोंगडं सोडा. वरखाली करा, खराब हवा काढा. आमचे बाबा तसंच करत.

नत्थुजी : घोंगडं मी आनलंच हाय. पन तुहा बाप घोंगडं हालवे, अन् त्याच्यानंतर एक दिवस अन् एक रात इथं चिलीम ओढत बसे. ते इसरलास तू.

सूर्यभान : एक दिवस बसाले येळ कुठी हाय? खाली पाराजवळ पाहून या. अकरा घरच्या बाया सकाळपासून टोपले घेऊन बसल्या हायत. आठ दिवस झाले, लेकरायच्या पोटात तरोट्याच्या भाजीबिगर काही गेलं नाई. अंजनगावच्या बाजारातून काल गाडी आली, तीबी रिकामी. जवारी कोनाकडंच नाई. सगळ्यायनं सरकीच पेरली, तं जवारी येईन कुठून?

जमुना : सगळ्यायनं पेरली म्हनता. आपन पेरली ते बी सांगा.

सूर्यभान : आपन बी पेरली. झालं?

नत्थुजी : भांडन मंग करा. दोघं दोन बाजूनं घोंगडं धरा. सोडा खाली. उचला. परत सोडा. धान्य पाखडल्यावानी करा, जोरानं नाई. तोंडं बाजूले ठेवा. दम लागला तं सांगा, लाजू नोका.

जमुना : काकाजी, मी एक इचारू? तुमी कोनाले असं जाताना पाह्यलं काय?

नत्थुजी : पाह्यलं. माह्या मामाच्या गावचे दोघं भाऊ होते. थोरला उतरला. वरून धाकट्यानं आवाज देल्ला, तं थोरला म्हने, ठीक हाय, दोर सोड. मंग तो बसला. जवारीवर मांडी घालून बसला, जेवाले बसावं तसा. धाकटा म्हने, दादा थकला, अन् त्यानं उडी घेतली. म्या दोघायले लोखंडी आकडीनं काढलं. अंगाले एक जखम नाई, एक खरोच नाई. त्यायची माय वर उभी होती अन् म्हने, उठवा ना त्यायले, झोपले हायत ते.

जमुना : बस, बस. पुढचं नोका सांगू.

नत्थुजी : तूच इचारलं.

सूर्यभान : काकाजी, हिले भेवाडून काय फायदा? उतरनार मी हाओ.

नत्थुजी : म्हनूनच तिले सांगून राह्यलो. तुले सांगून तू कुठी ऐकतं? थांबा. घोंगडं बाजूले ठेवा. सूर्यभान, हा दगड पाह्य बरं.

सूर्यभान : काय झालं दगडाले? झाकनाचा दगड हाय.

नत्थुजी : झाकनाचा हाय, मले काय दिसत नाई? म्याच ठेवला होता तो, या हातानं. तवा तो अख्खा होता. आता मधून चिरला हाय, अन् चिरीत हे काय कोंबलं हाय? ओढ. ओढ ना.

सूर्यभान : काड्या हायत.

नत्थुजी : कशाच्या?

सूर्यभान : असन काहीतरी.

नत्थुजी : जमुना, तू सांग. डोळे तुहे जवान हायत.

जमुना : पऱ्हाटी हाय, काकाजी. कपाशीच्या वाळल्या काड्या. अन् सगळ्या पोकळ. उधईनं खाल्ल्या.

नत्थुजी : आता इचार कर. म्या पेव बंद केलं, तवा वरून भुसा देल्ला, शेन देल्लं, माती देल्ली. त्या साली आपल्या गावात कपाशी किती होती? चार वावरं. या उंचवट्यावर तं गवत होतं कंबरभर, अन् हिवराचे सात झाडं. पेवाच्या तोंडात पऱ्हाटी येईन कुठून?

सूर्यभान : उंदरानं नेली असन.

नत्थुजी : उंदरानं नेली अन् लिंपून बी घेतली. लय हुशार उंदीर हाय गा तुहा.

जमुना : अवो, काही म्हना ना.

सूर्यभान : काय म्हनू?

जमुना : जे असन ते.

सूर्यभान : तुमी दोघं मले घेरून राह्यले. इकडं आभाळ फिरलं, त्याचं कोनी काही म्हनत नाई. माघात गारा पडल्या, बोराएवढ्या, त्या म्या पाडल्या काय? चैतात नाल्याले पूर आला, चैतात, तो म्या आनला? मिरग कोरडा गेला. आद्रा कोरडी गेली. तरना पाऊस नुसता नावाचा, अन् म्हाताऱ्या पावसाचे नऊ दिवस झाले, डोक्यावर गरम लू वाहून राह्यली. टिटवीनं औंदा नाल्याच्या पात्रात अंडे घातले. तिलेबी समजलं का पानी नाई. यात सूर्यभानचा काय कसूर?

नत्थुजी : आभाळाचा कसूर तुह्यावर कोन टाकते, बाबू? आभाळ कोनाच्या बापाचं ऐकत नाई. गारा म्याबी पाह्यल्या. सत्तर पावसाळे झाले माहे, माघात अशा गारा पयल्यांदा पाह्यल्या. मले बी भेव वाटलं. पन हा उंचवटा आभाळात नाई. हा आपल्या हातात होता.

सूर्यभान : मंग?

नत्थुजी : मंग हे नांगराचे तास पाह्य. वरून खाली पाडले हायत, अन् पेवाच्या बाजूनं तं सरळ तोंडाकडंच गेले. गवत असतं तं पानी वरच्यावर चारी अंगानं उतरलं असतं. तुह्या बापानं गवतावर आपली गाय बी नाई जाऊ देल्ली. अन् तू नांगर घातला.

जमुना : काकाजी, एकट्या ह्यायले नोका बोलू. म्याच मांगं लागली होती. घरोघरच्या बाया चांदीचे गोट घालून पान्याले येत. मी म्हनली, आपल्याच घरचा उंचवटा रिकामा काहून? गवत कोन खाते? मामंजीच्या मांगं कोन पाहाले येते? असंच म्हनली मी, चुलीपाशी बसून, आठ दिवस रोज. हिवर तोडले तवा सडकेच्या ठेकेदाराच्या गाड्या आल्या लाकडं न्याले. त्यायले वाट दाखवाले मीच उभी होती, इथं, पदर खोचून.

नत्थुजी : मले माहीत हाय, पोरी.

जमुना : तुमाले माहीत होतं?

नत्थुजी : मी पारावर बसून पाहून राह्यलो होतो. उठून यावं वाटलं. नाई आलो. त्या साली माह्या बी वावरात सरकीच होती, कोनत्या तोंडानं बोलू? ते जाऊ दे. सूर्यभान, नांगर दगडाले लागला का नाई?

सूर्यभान : लागला.

नत्थुजी : कधी?

सूर्यभान : दोन सालं झाले. बैल अडले, म्या शेपटी पिरगाळली, अन् खालून कड्‌ असा आवाज आला. मले वाटलं गोटा असन. माती सारली तं हा दगड. मधून चिरलेला.

जमुना : अन् तुमी कोनाले सांगितलं नाई. मले बी नाई.

सूर्यभान : कोनाले सांगू? अकरा घरची जवारी हाय खाली. बाबायनं मरताना सगळ्यायसमोर माह्या हातावर पानी सोडलं, का पेव तू राखशीन. एका सालातच म्या ते फोडलं, असं सांगू? बाजूले पऱ्हाटीची पेंडी होती. कोंबली चिरीत, वरून माती लिंपली. म्हनलं, हंगाम झाला का नत्थुकाकाले बोलावीन. मंग कापूस आला, गाड्या उमरावतीले निघाल्या, अन् मी इसरून गेलो.

जमुना : इसरले?

सूर्यभान : नाई इसरलो. इसरल्यावानी केलं.

नत्थुजी : पऱ्हाटीले उधई लागते हे लेकराले बी समजते. उधईनं पोकळ केलं, अन् पान्याले नळा भेटला.

सूर्यभान : माघात गारा पडल्या त्या राती मी इथं आलो होतो, घोंगडं डोक्यावर घेऊन. तासात गारा साचल्या होत्या अन् इथं तोंडाशी येऊन इतळून राह्यल्या होत्या. कान लावला तं खाली पानी टपकाचा आवाज येऊन राह्यला होता. टप. टप. काकाजी, त्या दिवसापासून मले झोप नाई. लेकरू भाकर मांगते तं मले तोच आवाज येते.

जमुना : म्हनून तुमी आज एकटेच उतरून राह्यले होते. म्हनून घाई.

सूर्यभान : मले वाटलं, वरची सडली असन ते मी आंधीच काढून टाकीन. मंग लोकायले बोलावीन. कोनाले दिसनार नाई.

नत्थुजी : ओली जवारीच ती खराब हवा सोडते, राजा. जेवढी जास्त सडली, तेवढी जास्त हवा. तुह्याच हातानं भरलेल्या भांड्यात तू उतरून राह्यला होता.

जमुना : काकाजी, सगळीच गेली काय?

नत्थुजी : पाहू. पान्याचा गडवा दे तो. गळ्याले सुतळी बांध, अन् पोटात एक गोटा टाक, म्हनजे आडवा होईन. सोड. टेकला? आता ओढत ओढत घे, अन् भरला असं वाटलं का उचल.

जमुना : जड लागते. आला. माय वं.

नत्थुजी : आन इकडं.

जमुना : काळीशार हाय. बुरशी हाय वर, पांढरी. गोळे झाले. हात लावू नाई वाटत.

सूर्यभान : गेली. सगळी गेली.

नत्थुजी : रडाची घाई बी तुलेच. हा गोळा फोडतो. वरचं सोड. आतला दाना पाह्य. धर, दाताखाली.

जमुना : थांबा, मी चावतो. कडक हाय. कट्ट वाजला.

नत्थुजी : मंग आयका दोघंबी. पेव सडते ते वरून अन् कडेनं. एक हातभर, दीड हात. ते सडलेलं घट्ट बसते अन् आतल्यावर पापुद्रा धरते. पोटात अजून जवारी हाय. अर्धी म्हना. अर्ध्यात बी अकरा घरं दिवाळीपर्यंत जगतीन, अन् पेराले बियानं राहीन. फक्त आता वरून अजून पानी जाऊ नाई. पापुद्रा एकदा फुटला का सगळं आंबोन होते, मंग ढोरं बी तोंड नाई लावत.

सूर्यभान : पानी कुठचं जाते? पानी असतं तं.

जमुना : अवो.

सूर्यभान : काय?

जमुना : मांगं पाहा. गाविलगडाच्या डोंगराकडं.

सूर्यभान : ढग हाय.

जमुना : ढग नाई, भिंत हाय. सकाळी नव्हतं काही. काळं निळं हाय, अन् खालून धूळ उठून राह्यली. कावळे पाहा कसे पळून राह्यले इकडं.

नत्थुजी : लू थांबली. तुमाले समजलं का? आतापर्यंत कानाले लागत होती. थांबली.

जमुना : चाळीस दिवस मी महादेवाले पानी घातलं. पाऊस पड म्हनून. अन् आता आला हाय तं नोको वाटते. याले म्हनावं तरी काय? मले भेव लागून राह्यलं, काकाजी. पावसाचं भेव.

नत्थुजी : मले बी. हे नेहमीचं पानी नाई. चैतात आलं होतं तसं येईन, घडीभरात नाला भरनारं. अन् हा उंचवटा उघडा. सगळे तास इकडंच येतात.

सूर्यभान : किती येळ हाय?

नत्थुजी : चिलीम भरून ओढेपर्यंत. त्याच्यावर नाई.

सूर्यभान : तं मी उतरतो. वरचं बाजूले सारतो, चांगले दोन पोते भरतो. तुमी ओढून घ्या. दोन पोते तं निघतीन. काकाजी, दोर धरा.

नत्थुजी : मी नाई धरत.

सूर्यभान : काकाजी.

नत्थुजी : पाया पडला तरी नाई. घोंगडं हालवलं, आता परत दिवा सोड. जळत राह्यला तं मीच तुले उतरवीन. सोड, सूनबाई.

जमुना : सोडून राह्यली. तीन. चार. हाय. पाच. हाय अजून.

सूर्यभान : पाह्यलं? आता जळते.

जमुना : सहा. बारीक झाला. निळा झाला. गेला.

सूर्यभान : सहा हात गेला ना. जवारी आठ हातावर. दोन हाताचाच फरक. मी दम धरून उतरीन. नाल्याच्या डोहात मी किती येळ बुडी मारतो, हिले इचारा.

नत्थुजी : डोहात बुडी मारून दोन पोते जवारी भरली काय कधी? वाकशीन, भरशीन, जोर लावशीन. जोर लावला का दम सुटते. माह्या मामाच्या गावचा थोरला पट्टीचा पोहनारा होता.

सूर्यभान : मंग मी काय करू? पाराजवळ जाऊन सांगू, का तुमची जवारी माह्या नांगरानं सडली, अन् जी वाचली ती मी डोळ्यासमोर भिजू देल्ली? त्यापेक्षा खाली बसून गेलो तं बरं. जमुना, तुह्यापाशी दोर देल्ला ना म्या? त्या हिवराच्या खुंटाले बांध. पक्का बांध. अन् ओढ म्हनलं का ओढ.

जमुना : नाई.

सूर्यभान : जमुना, हे मजाक नाई.

जमुना : मी कुठी हासून राह्यली?

सूर्यभान : बांध म्हनतो.

जमुना : तुमी खाली बसले तं मी वरून आवाज देईन. तुमी उत्तर नाई देल्लं तं मी उडी घेईन. मले माहीत हाय मी घेईन. मंग काकाजी आपल्या दोघायले आकडीनं काढतीन, अन् लेकरं इथं येऊन उभे राहतीन. मले ते आत्ताच दिसून राह्यलं.

सूर्यभान : तू बांधत नाई तं मीच बांधतो. आन दोर.

जमुना : नाई माह्याजवळ.

सूर्यभान : नाई म्हनजे? आत्ता तं होता. कुठी ठेवला?

जमुना : खाली.

सूर्यभान : खाली कुठी?

जमुना : पेवात.

सूर्यभान : मोटेचा नाडा, तो सगळा दोर?

जमुना : सगळा. आता उतराचं असन तं उडीच घ्या, माह्यासमोर घ्या. नाईतं खोरं उचला.

नत्थुजी : शाबास, पोरी. बस आता, सूर्यभान. एक क्षन खाली बस.

सूर्यभान : बसून काय होते, काकाजी?

नत्थुजी : उतरता नाई येत, माती तं उचलता येते. आयक. चिरलेला दगड परत ठेवून फायदा नाई, पानी जाईनच. दगड ठेवाचा, अन् वरून काळी माती चढवाची, हातभर जाड, तुडवून. काळी ओली झाली का फुगते, चिरा आपसूक बुजवते. ही पांढरी माती नाई चालत, ही पानी पिऊन खाली सोडते. अन् चारीकडून गुडघाभर पाळ. हे तास आडवे फोडून टाकू, म्हनजे पानी बाजूनं जाईन. दोन दिवसांनी आभाळ मोकळं झालं, का परत उघडू. दिवा बी तवाच परत सोडू.

सूर्यभान : काळी माती खालच्या वावरातून आनावी लागन. आपन तिघं. किती टोपले होतीन पाऊस येईपर्यंत?

जमुना : तिघं काहून? खाली अकरा घरच्या बाया हायत. टोपलं प्रत्येकीपाशी हाय. जवारीसाठी आनलं हाय, मातीलेबी चालते.

सूर्यभान : त्यायले काय सांगून वर बोलावू?

जमुना : ते तुमचं तुमी पाहा. मी आवाज देतो. गंगूबाई. अवं गंगूबाई, सगळ्यायले घेऊन वर या. टोपले घेऊन या. पळत या.

नत्थुजी : पयला थेंब पडला. मनगटावर. केवढा हाय पाह्य.

जमुना : आल्या. गंगूबाई तं सगळ्यायच्या आंधी आल्या. पाहा कशा धापा टाकून राह्यल्या.

गंगूबाई : आली, माय, आली. निघाली काय जवारी? आभाळ पाह्यलं अन् म्हनलं, भिजाच्या आंधी घरी न्यावं. माहं टोपलं मोठं हाय, पन मले अर्धंच दे, सूर्यभान. घरात मी अन् माही सासू, दोघीच तं हाओत.

सूर्यभान : गंगूबाई, आज जवारी नाई निघत.

गंगूबाई : काहून?

सूर्यभान : पेव फुटलं हाय. दोन सालं झाले. माह्या नांगरानं फुटलं, अन् म्या लपवलं. माघाचं पानी आत गेलं. अर्धी सडली. अर्धी वाचन, ती बी आत्ता हा पाऊस आत नाई गेला तं. तुमच्या वाट्याची बी त्यात हाय. शिव्या द्या मले. मारा. पन काळी माती पाह्यजे, आत्ताच्या आत्ता.

नत्थुजी : दुसरा थेंब बी पडला. बाई, बोलाचं ते मंग बोल.

गंगूबाई : काळी माती सगळ्यात जवळ माह्याच वावरात हाय. या उताराच्या बुडाशी.

जमुना : तुमची सरकी उगवली हाय तिथं. गावात एवढी एकच उगवली. तुमी नाल्याच्या डोहातून पान्याच्या गुंड्या वाहून वाहून पानी घातलं, सगळ्या गावानं पाह्यलं. दुसऱ्या कोनाचं वावर पाहू आपन.

गंगूबाई : दुसऱ्याचं वावर नाल्याच्या तिकडं हाय. जाऊन येईपर्यंत हे पेव भरन.

सूर्यभान : गंगूबाई, मी तुमच्या पाया...

गंगूबाई : पाया नोको पडू, वाकला हायस तं तेच खोरं उचल. अन् धुऱ्याच्या बांधाकडून सुरू करजो, तिकडचे रोपं बारीक हायत.